चूक झाकणे आणि चूक सांगणे : सीडीवरचे गाणे फाइलीत उतरवण्याचा इतिहास

आजचा विषय वरवर पाहता तत्त्वज्ञानाच्या माणसाने बोलावे असा नाही. संगीताची सीडी संगणकात घालायची आणि तिच्यातली गाणी फाइलींत उतरवून घ्यायची, याला सगळे 'रिप करणे' म्हणतात. हे करताना गाण्यात मध्येच 'टक्' असा आवाज येतो, कुठे तडतड होते, कुठे सूर क्षणभर नाहीसा होतो. हे का होते, आणि त्यावर लोकांनी काय काय उपाय शोधले, हा इतिहास आज आपण पाहणार आहोत. पण या इतिहासाच्या पोटात एक फार जुना प्रश्न आहे. एखादी गोष्ट आपल्याला बरोबर कळली आहे, हे आपल्याला कशावरून कळते? आपल्याकडे नैयायिक आणि मीमांसक यांनी या प्रश्नावर कित्येक शतके वाद घातला. तो वाद आज आपल्याला पुन्हा लागणार आहे.

सुरुवात एका कोड्याने करू. सीडी डिजिटल असते, म्हणजे तिच्यावर शेवटी आकडेच असतात. आकड्यांची प्रत करताना चूक व्हायचे कारण काय? आणि दुसरे असे की तीच सीडी दिवाणखान्यातल्या प्लेअरवर स्वच्छ वाजते, पण संगणकातून काढलेल्या फाइलीत मात्र तडतडते. प्लेअर साधा, संगणक हुशार. मग हुशाराकडून चूक का?

जास्तीचे सांगण्याची युक्ती

१९४८ साली क्लॉड शॅनन यांनी संदेशवहनाचा गणिती सिद्धान्त मांडला. निरोप नेणारा मार्ग कितीही गोंगाटाचा असला तरी एका मर्यादेत निरोप जवळजवळ बिनचूक पोचवता येतो, असे त्यांनी सिद्ध केले. कसे, ते मात्र इतरांना शोधायचे होते. बेल प्रयोगशाळेतच रिचर्ड हॅमिंग काम करत होते. शनिवार-रविवारी त्यांची आकडेमोड यंत्रावर लावून ठेवलेली असे. यंत्राला चूक सापडली की ते सरळ ते काम टाकून पुढच्या कामाला लागे. सोमवारी येऊन बघावे तर उत्तर नाही! हॅमिंग यांनी विचारले, यंत्राला चूक झाली हे कळते, तर ती नेमकी कुठे झाली हे का कळू नये? आणि कुठे हे कळले तर ती दुरुस्त का करता येऊ नये? यातून १९५० साली त्यांची चूक-दुरुस्तीची सांकेतिक पद्धत प्रसिद्ध झाली.

पद्धतीचे मर्म एवढेच की गरजेपेक्षा थोडे जास्त सांगायचे. ही कल्पना आपल्याला परकी नाही. वेदपाठातला घनपाठ आठवा. पहिले पद-दुसरे पद, दुसरे-पहिले, मग पहिले-दुसरे-तिसरे, तिसरे-दुसरे-पहिले, पुन्हा पहिले-दुसरे-तिसरे. एकच पद इतक्या वेळा, इतक्या बाजूंनी येते की कुठे घसरले तर पुढच्या आवर्तनात ते बोचतेच. पाठांतराचे हे श्रम अर्थासाठी नव्हते. ते राखणीसाठी होते.

१९६० साली अमेरिकेतल्या लिंकन प्रयोगशाळेत काम करणाऱ्या अर्व्हिंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन यांनी एक छोटासा शोधनिबंध लिहिला. त्यातली कल्पना शाळेच्या भूमितीतून समजते. दोन बिंदू दिले की एक रेषा ठरते. आता समजा आम्ही तुम्हांला त्याच रेषेवरचे पाच बिंदू दिले आणि वाटेत एक बिंदू बिघडला. चार एका रेषेत, एक बाहेर. बिघडलेला कोणता हे तुम्ही न विचारता सांगाल, आणि तो मुळात कुठे असायला हवा हेही सांगाल. रीड-सॉलोमन संकेतात रेषेच्या जागी वरच्या घाताची बहुपदी येते, एवढाच फरक. भाजीवाल्याकडे पैसे देताना आपण जो क्यूआर कोड स्कॅन करतो त्यातही हेच गणित आहे. म्हणून कोपऱ्यात डाग पडलेला कोडही चालतो.

तबकडीचा जन्म

हॉलंडमधल्या फिलिप्स कंपनीने १९७९ च्या मार्चमध्ये आइंडहोव्हन इथे लेझरने वाचायच्या ध्वनितबकडीचे प्रात्यक्षिक दाखवले. त्यानंतर जपानची सोनी तिच्याबरोबर आली. १९८० मध्ये दोघींनी मिळून नियम ठरवले, त्या नियमांच्या पुस्तकाला 'रेड बुक' म्हणतात. १ ऑक्टोबर १९८२ रोजी जपानमध्ये पहिला प्लेअर विक्रीला आला.

त्या नियमांतले थोडे आकडे आपल्याला लागणार आहेत. ध्वनीचे दर सेकंदाला ४४,१०० नमुने घ्यायचे, प्रत्येक नमुना १६ बिटांचा, डावी-उजवी अशा दोन वाहिन्या. म्हणजे सेकंदाला १४,११,२०० बिट. हे सारे मायक्रॉनच्या मापातल्या खड्ड्यांच्या रूपात पाच किलोमीटरहून लांब अशा एकाच सर्पिल रेघेवर मांडायचे. दोन वळशांमधले अंतर १.६ मायक्रॉन. एवढ्या बारीक अक्षरात लिहिलेली पोथी लोक हाताळणार, तिच्यावर तेलकट बोटे लागणार, ती पिशवीत घासणार. चुका होणार हे गृहीतच होते.

म्हणून प्रत्येक २४ बाइट ध्वनीमागे ८ बाइट जास्तीचे ठेवले, तेही रीड-सॉलोमनच्या दोन थरांत. शिवाय एक शहाणपण असे केले की शेजारचे आकडे शेजारी लिहिलेच नाहीत. ते शंभरावर चौकटींमध्ये पसरून टाकले. एखादा ओरखडा एका जागचे सगळे खाऊन टाकतो. पण वाचल्यावर आकडे मूळ क्रमाने लावले की ते नुकसान इथे एक, तिथे एक असे विखुरते, आणि विखुरलेली चूक गणिताला भरून काढता येते. गावात एकाच आळीला आग लागली आणि प्रत्येक कुटुंबातला एकेकच माणूस त्या आळीत राहत असला, तर कुठलेही कुटुंब समूळ जात नाही, तसे हे. सुमारे अडीच मिलिमीटर लांबीचे नुकसान यामुळे पूर्ण भरून येते. पूर्ण म्हणजे अगदी मूळ आकडे परत मिळतात.

त्याहून मोठे नुकसान असेल तर? इथे आपल्या कोड्याचे पहिले उत्तर आहे. दुरुस्ती जमली नाही की प्लेअर हरवलेल्या नमुन्याच्या आधीचा आणि नंतरचा नमुना बघतो आणि मधला आकडा अंदाजाने भरतो. तेही शक्य नसेल तर क्षणभर आवाज बंद करतो. श्रोत्याच्या कानाला खटकू नये एवढाच हेतू. ऐकण्यासाठी हे योग्यच आहे. पण लक्षात घ्या, दुरुस्ती वेगळी आणि ही झाकपाक वेगळी. दुरुस्तीत हरवलेले परत येते. झाकपाकीत हरवलेले हरवलेलेच राहते, फक्त ते हरवले हे कुणाला कळत नाही. आणि प्लेअर आपण कुठे दुरुस्ती केली, कुठे झाकले, हे आपल्याला कधीच सांगत नाही.

पत्ता नसलेले घर

आता दुसरा भाग. १९८० च्या दशकातच या तबकडीवर संगणकाची माहिती ठेवायचे नियम आले, तेच 'यलो बुक'. गाण्यातला एखादा नमुना अंदाजाने भरला तर चालते, पण बँकेच्या हिशेबातला आकडा अंदाजाने भरून कसे चालेल? म्हणून तिथे राखण वाढवली. सेकंदाचा पंचाहत्तरावा भाग म्हणजे एक सेक्टर. तो २,३५२ बाइटांचा. संगणकाच्या सीडीवर त्यातले २,०४८ बाइटच माहितीला मिळतात. उरलेल्या ३०४ मध्ये सेक्टरची सुरुवात ओळखायची खूण, त्याचा पत्ता, आणि चूक शोधण्या-सुधारण्याचा आणखी एक थर असतो.

ध्वनीच्या सीडीत ते ३०४ बाइटही गाण्यालाच दिलेले आहेत. म्हणजे ध्वनीच्या सेक्टरला स्वतःचा पत्ता नाही. वेळेची नोंद बाजूच्या एका उपवाहिनीत जाते, पण ती नमुन्याइतकी अचूक नसते. प्लेअरला याची अडचण नव्हती. तो पहिल्यापासून शेवटपर्यंत एका दमात वाजवतो. संगणकाचे तसे नाही. तो थोडे वाचतो, थांबतो, ते डिस्कवर लिहितो, आणि परत येऊन म्हणतो, "हं, आता पुढचं." पुढचे नेमके कुठून? ड्राइव्ह थोडा अलीकडे किंवा पलीकडे उतरतो. मग दोन तुकड्यांच्या सांध्यावर काही नमुने दोनदा येतात किंवा काही गळतात, आणि तिथे 'टक्' वाजते. या घसरण्याला त्या काळच्या लोकांनी 'जिटर' हे नाव दिले.

म्हणून बिघाडाचे निदान करताना पहिला प्रश्न हा विचारावा: आवाज ठरावीक अंतराने येतो की कुठेही? ठरावीक अंतराने 'टक्-टक्' येत असेल आणि सीडी स्वच्छ दिसत असेल, तर संशय सांध्यावर घ्यावा. एखाद्याच गाण्यात, कुठेही, अनियमित तडतड असेल तर ओरखडा किंवा डाग. सीडीच्या कडेकडची, म्हणजे शेवटचीच गाणी बिघडत असतील तर वेग कमी करून पाहावे.

मीमांसक यंत्र, नैयायिक यंत्र

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात या दुखण्यावर दोन औषधे निघाली. एक क्रिस्टोफर माँटगोमेरी यांचा 'सीडीपॅरानोइया' हा कार्यक्रम. पुढे ऑग व्हॉर्बिस या ध्वनिप्रकारामुळे प्रसिद्ध झाले तेच हे माँटगोमेरी. दुसरा जर्मनीतले आंद्रे वीटहोफ यांचा १९९८ च्या सुमाराचा 'एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी'. दोघांची वृत्ती एकच: ड्राइव्हवर विश्वास ठेवायचा नाही.

इथे आपला जुना वाद आठवू. मीमांसक म्हणतात, ज्ञानाचे प्रामाण्य स्वतःच असते. ज्ञान झाले की ते खरे मानावे. पुढे बाधक ज्ञान आले, किंवा साधनातच दोष आहे असे कळले, तरच ते सोडावे. नैयायिक म्हणतात, नाही, प्रामाण्य परतः ठरते. लांबून पाणी दिसले, ते पाणीच होते हे जवळ जाऊन तहान भागल्यावर ठरते. दिवाणखान्यातला प्लेअर मीमांसक आहे: लेझरला जे दिसले ते वाजव. सीडीपॅरानोइया नैयायिक आहे. तो तुकडे मुद्दाम एकमेकांवर चढवून वाचतो, मागच्या तुकड्याची शेपटी आणि पुढच्याचे तोंड जुळते का ते बघतो, आणि जुळले तरच सांधा मान्य करतो.

यावर मीमांसकांचा आक्षेप ठरलेला आहे. एका ज्ञानाची परीक्षा दुसऱ्याने, मग दुसऱ्याची तिसऱ्याने, ही तर अनवस्था झाली, थांबणार कुठे? वीटहोफ यांनी याचे व्यवहारी उत्तर दिले. त्यांच्या कार्यक्रमात प्रत्येक सेक्टर दोनदा वाचतात. दोन्ही वाचने जुळली तर पुढे. नाहीतर तोच सेक्टर १६ वेळा वाचतात, आणि १६ पैकी ८ वाचने एकसारखी आली तर ते उत्तर धरतात. नाही आली तर आणखी १६, अशा जास्तीत जास्त पाच फेऱ्या. म्हणजे वाईटात वाईट ८२ वाचने. त्यानंतरही जुळले नाही तर कार्यक्रम नोंदवहीत लिहितो की अमुक मिनिट अमुक सेकंदाला संशयास्पद जागा आहे. आमच्या मते या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत महत्त्वाची ओळ आहे. इथे यंत्र पहिल्यांदा सांगते की मला हे नीट वाचता आले नाही.

पण साक्षीदारही बिलंदर असतात. पुष्कळ ड्राइव्ह वाचलेला भाग आपल्या छोट्या स्मृतीत, म्हणजे कॅशेत, ठेवतात. "पुन्हा वाच" म्हटले की ते तबकडीकडे न बघता मघाचेच उत्तर परत देतात. जबानी दोनदा घेतली, दोन्ही तंतोतंत जुळल्या, आणि साक्षीदाराने दुसऱ्या वेळी नुसता पहिला कागद वाचून दाखवला होता! म्हणून हे कार्यक्रम मध्येच दुसरीकडचे काही वाचायला लावून आधी ती स्मृती पुसतात.

बाहेरचा साक्षीदार

तरी एक अडचण उरते. एकाच ड्राइव्हने एकाच सीडीवर ८ वेळा तेच सांगितले तरी ते आठ साक्षीदार नव्हेत, एकच साक्षीदार आठ वेळा बोलला आहे. ओरखडा असा असू शकतो की दर वेळी तीच चूक होते. मग खरा उपाय म्हणजे वेगळा साक्षीदार. 'अ‍ॅक्युरेटरिप' ही व्यवस्था यातून आली. तुमच्या प्रतीवरून एक छोटा पडताळा-अंक काढायचा आणि त्याच सीडीची प्रत जगात इतरांनी काढली तेव्हा त्यांना कोणता अंक मिळाला ते बघायचे. वेगळ्या देशातली सीडी, वेगळा ड्राइव्ह, वेगळा ओरखडा, आणि तरीही अंक तोच, तर चूक असण्याची शक्यता नगण्य.

पुण्यात भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार झाली, तिच्यामागे हेच तर्कशास्त्र होते. एकाच पोथीवरून उतरवलेल्या दहा पोथ्या म्हणजे दहा पुरावे नव्हेत. काश्मीरची शारदा पोथी आणि केरळची मल्याळम् पोथी एक शब्द सारखा देतात, तेव्हा त्याला वजन येते.

आणि जसे तिथे, तसे इथेही एक जागा करारावर सोडावी लागते. प्रत्येक ड्राइव्ह ध्वनीची सुरुवात काही नमुने अलीकडे-पलीकडे धरतो. याला 'ऑफसेट' म्हणतात. अंक जुळवायचे तर सगळ्यांनी एक शून्य मानायला हवे, म्हणून वीटहोफ यांचे माप प्रमाण धरले गेले. पुढे काहींनी दाखवले की ते माप खऱ्या सुरुवातीपेक्षा ३० नमुन्यांनी सरकलेले असावे. ३० नमुने म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी. बदलले नाही, तोवर सगळ्या जगाची नोंद त्या मापावर झाली होती, आणि तुलना करायला सगळ्यांचे शून्य सारखे असले की पुरते.

मुद्दाम घातलेल्या चुका

या कथेत एक वेगळे वळण २००१-०२ च्या सुमारास आले. लोक सीड्यांच्या प्रती करतात म्हणून काही ध्वनिमुद्रण कंपन्यांनी तबकडीतच मुद्दाम चुका पेरल्या. हिशेब असा की प्लेअर त्या झाकून घेईल, संगणक मात्र अडखळेल. म्हणजे झाकपाकीची सोय आता कुलूप म्हणून वापरली. त्यावर फिलिप्सने हरकत घेतली की नियम न पाळणाऱ्या या तबकड्यांवर कॉम्पॅक्ट डिस्कचे चिन्ह छापू नका. दुसऱ्या एका कुलपावर तर लोकांनी तबकडीच्या कडेला साध्या मार्करने रेघ ओढून मात केली. पण मूळ तोटा निराळाच होता. चुका भरून काढायची जी शिल्लक ओरखड्यांसाठी राखून ठेवली होती, ती विकण्याआधीच खर्च केली गेली होती.

आपण काय करायचे

आता व्यवहाराचे. सीडी पुसायची तर मऊ कापडाने, मध्यापासून कडेकडे सरळ. गोल-गोल नाही, कारण रेघेच्या दिशेने पडलेला चरा सलग आकडे खातो. चकचकीत बाजूपेक्षा छापील बाजूला जास्त जपा. चकचकीत बाजूला सव्वा मिलिमीटरच्या आसपास प्लॅस्टिक आहे, तिथला उथळ चरा घासून घालवता येतो. पण परावर्तक थर छापील बाजूच्या पातळ लेपाखालीच असतो. तो उडाला की मजकूरच गेला. इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नच्या कारखान्यात १९८८ ते १९९३ च्या सुमारास निघालेल्या अनेक तबकड्या पुढे तांबूस पडल्या, कारण तो थर चांदीचा होता आणि वेष्टनाच्या कागदातल्या गंधकाने तो खाल्ला. तिथे ओरखडा एकही नव्हता. एका ड्राइव्हवर जमले नाही तर दुसरा वापरून पाहा, वेग कमी करा, आणि फाइलींबरोबर ती नोंदवहीही जपून ठेवा.

दोन प्रश्न लिहून आले आहेत, ते घेऊ.

पहिला प्रश्न: "फ्लॅक फाइल केली की प्रत बिनचूक होते ना?" नाही. फ्लॅक ध्वनीतले काहीही न गमावता फाइल लहान करते, आणि आपल्याला जे दिले ते तसेच आहे का, याचा पडताळाही ठेवते. पण तिच्या हाती येण्याआधीच आकडा चुकलेला असेल, तर ती त्या चुकीलाच इमानाने सांभाळेल. पडताळा वाटेच्या कुठल्या टप्प्यापासून सुरू होतो, हे नेहमी विचारावे.

दुसरा प्रश्न: "कानाला कळतच नसेल तर एवढा आटापिटा कशाला?" प्रश्न रास्त आहे. बाजारात हजारोंनी निघालेली सीडी असेल आणि आपल्याला फक्त ऐकायचे असेल, तर एका नमुन्याच्या अंदाजाने काही बिघडत नाही. खुशाल ऐका. पण पुष्कळ घरांत दुसऱ्या प्रकारच्या सीड्या आहेत. एखाद्या खाजगी बैठकीचे, आजोबांच्या कीर्तनाचे, गावातल्या व्याख्यानाचे ध्वनिमुद्रण कुणीतरी कोऱ्या सीडीवर उतरवून दिले. त्या सीडीत खड्डे नसतात, रंगद्रव्याचा थर असतो, आणि तो उन्हाने, उष्णतेने, नुसत्या वयानेही विटतो. तिची दुसरी प्रत जगात नाही. अ‍ॅक्युरेटरिपला तिची माहिती नाही. तिथे बाहेरचा साक्षीदार मिळणारच नाही; ती सीडी आणि आपला ड्राइव्ह, एवढेच.

अशी सीडी आज आपण उतरवून घेतो आणि मूळ तबकडी माळ्यावर जाते किंवा रद्दीत. त्यानंतर आपली फाइल हेच मूळ. तिच्यात यंत्राने चाळीस जागी गुपचूप अंदाज भरले असतील, तर पुढच्या पिढीला ते गाणाऱ्याच्या गळ्यातून आलेले वाटतील, आणि शंका घ्यायला काही जागाच उरणार नाही. याउलट फाइलीशेजारी चार ओळींची नोंद असेल, की १२ मिनिटे ४० सेकंदांच्या आसपास वाचन जुळले नाही, दोन ड्राइव्हवर पाहिले, अमुक तारखेला केले, तर उद्या कुणाच्या हाती जास्त चांगले साधन येईल तेव्हा कुठे बघायचे हे त्याला कळेल. अर्थात तोवर मूळ सीडीही टाकलेली नसावी.

तेव्हा घरी गेल्यावर खोके उघडा. विकतच्या सीड्या मागे ठेवा, हाताने नाव लिहिलेल्या आधी घ्या. त्यांना वेळ कमी आहे.

पुढच्या खेपेला आपण ध्वनिफितींकडे वळू. तिथे चूक आकड्यांत नसते, म्हणून प्रश्न आणखी अवघड होतो. आज इथे थांबू.